घड्याळावर खापर फोडू नका

१/ अनेक यंत्रांवर विखुरलेल्या डेटाबेसची चाचणी रात्रभर चालते. पहाटे एक नोंद नाहीशी झालेली आढळते. तपासणारा सर्व यंत्रांची घड्याळे पाहतो आणि त्यांपैकी एक काही सेकंद पुढे गेलेले त्याला सापडते. अहवालात एक ओळ पडते: ‘घड्याळ चुकले होते, चाचणी पुन्हा चालवली.’ दुसऱ्या खेपेस चाचणी उत्तीर्ण होते आणि प्रकरण बंद होते. या धाग्यात माझा वाद आहे तो या एका ओळीशी.

२/ इतिहासाच्या धाग्यात हा विषय कशाला, असे काही जण विचारतील. मित्रहो, आधी काय घडले आणि नंतर काय घडले हे ठरवणे हा तर आपलाच व्यवसाय. शकावली, करीने, वखारींची पत्रे, पोर्तुगीज दप्तर यांतल्या तारखा जुळवण्यात आपल्या पिढ्यान् पिढ्या गेल्या. संगणकवाल्यांपुढचा पेच नेमका हाच आहे. त्यावर त्यांच्याकडे जवळजवळ पन्नास वर्षांचे वाङ्मय आहे, आणि आपल्या बखरींइतकेच तेही न वाचता उद्धृत केले जाते.

३/ आधी पेच समजून घेऊ. मोठ्या डेटाबेसमध्ये एकाच नोंदीच्या प्रती अनेक यंत्रांवर ठेवलेल्या असतात. एक यंत्र बंद पडले तरी काम थांबू नये, हा हेतू. आता दोन माणसांनी दोन वेगवेगळ्या यंत्रांमार्फत एकच नोंद बदलली, तर शेवटचा बदल कोणता? सर्वांत सोपा उपाय असा, की प्रत्येक बदलावर त्या यंत्राच्या घड्याळातली वेळ उमटवायची, म्हणजेच टाइमस्टॅम्प लावायचा, आणि ज्याचा आकडा मोठा तो खरा मानायचा. या नियमाचे नाव ‘शेवटचे लेखन विजयी’. कॅसांड्रा हा सुप्रसिद्ध डेटाबेस सामान्य लेखनासाठी हाच नियम वापरतो.

४/ या नियमाच्या पोटात एक गृहीतक दडले आहे: सर्व यंत्रांची घड्याळे एकच वेळ सांगतात. ती सांगत नाहीत. संगणकातील घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालते. तापमान बदलले की त्याची गती बदलते. दशलक्षात ५० भागांची चूक म्हणजे दिवसाला सुमारे ४.३ सेकंद. अशी चूक यंत्रशास्त्रात सदोष मानली जात नाही, ती स्वस्त स्फटिकाची नेहमीची चाल आहे.

५/ समजा, ‘अ’ यंत्राचे घड्याळ दहा मिनिटे पुढे आहे. बरोबर दहा वाजता कोणी ‘अ’वर एक पत्ता नोंदवला, त्यावर शिक्का पडला १०:१०. पाच मिनिटांनी त्याच माणसाने चूक लक्षात येऊन ‘ब’ यंत्रावर पत्ता दुरुस्त केला. शिक्का पडला १०:०५. नियमानुसार जुना, चुकीचा पत्ता जिंकला. माणसाला मात्र ‘नोंद झाली’ असे उत्तर मिळाले. लॉगमध्ये त्रुटीचा उल्लेख नाही, इशारा नाही, काही नाही. बंद पडलेले यंत्र निदान दिसते तरी. हे नुकसान बिनबोभाट होते. हीच गोष्ट चाचणीत योगायोगाने उघडी पडते तेव्हा आपण ‘घड्याळ चुकले’ म्हणून ती पुन्हा झाकतो.

६/ आता आपल्या प्रांतात येऊ. रायगडावरील राज्याभिषेकाची तारीख ६ जून १६७४ अशी आपण सांगतो. ही तारीख ज्युलियन पंचांगाची, इंग्रजांची. हेन्री ऑक्झिंडेन त्या प्रसंगी हजर होता, आणि त्याचे पंचांग लंडनचे. त्याच दिवशी पोर्तुगीज पंचांगात १६ जून होता, कारण पोर्तुगालने १५८२ मध्येच ग्रेगोरियन गणना स्वीकारली होती. इंग्लंडने ती १७५२ पर्यंत स्वीकारली नाही. आणि मराठी दप्तरात ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. दिवस एक, शिक्के तीन. (दरवर्षी जूनमध्ये ‘तारीख की तिथी’ यावर भांडणारे बहुतेक जण ही सहा तारीख कुठल्या पंचांगाची हे विचारतच नाहीत, पण तो वेगळा धागा.)

७/ याचे व्यावहारिक परिणाम पाहा. समजा, गोव्याहून २० जून रोजी एक पत्र निघाले आणि मुंबईच्या इंग्रजांनी त्याला उत्तर पाठवले, ज्यावर तारीख आहे १४ जून. केवळ आकडे लावले तर उत्तर प्रश्नाच्या सहा दिवस आधीचे! कोणी कोरा विद्यार्थी दोन्ही पत्रे तारखेप्रमाणे संचिकेत लावील आणि वाटाघाटीची सारी कहाणी उलटी वाचील. इंग्रजी १४ जून म्हणजे पोर्तुगीज २४ जून हे ज्याला ठाऊक आहे त्याला चार दिवसांचा समुद्रप्रवास स्वच्छ दिसतो.

८/ पण खरा जाणता अभ्यासक पंचांगाचे कोष्टक उघडण्याआधीच एक गोष्ट ओळखतो. दुसऱ्या पत्रात पहिल्या पत्राचा उल्लेख आहे. उत्तर प्रश्नाच्या आधी येऊ शकत नाही. शिक्का काहीही म्हणो, क्रम ठरला. ‘इंग्रजांचे पंचांग बिघडले होते, पत्रे पुन्हा लिहून घ्या’ असे आपल्यापैकी कोणीही म्हणणार नाही. चूक कोणाची? दोन वेगळ्या पंचांगांतले आकडे एकाच फूटपट्टीवर ठेवणाऱ्याची.

९/ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला त्याचा गाभा हाच आहे. त्यांनी ‘आधी घडले’ या संबंधाची व्याख्या केली ती घड्याळाशिवाय. एकाच यंत्रातील घटनांचा क्रम ते यंत्र जाणते. आणि निरोप पाठवणे हे तो निरोप मिळण्याच्या आधी घडते. या दोन धाग्यांनी जे जोडले जाते त्याचा क्रम निश्चित. जे जोडले जात नाही त्याचा क्रम ‘नाही’. मग प्रत्येक यंत्राने साधा गणक ठेवावा, प्रत्येक घटनेला एक वाढवावा, निरोपासोबत आकडा पाठवावा, आणि निरोप घेणाऱ्याने आपला आकडा त्याहून मोठा करावा. या तार्किक घड्याळाला स्फटिक लागत नाही.

१०/ या निबंधाचा उगम फारच थोड्यांना ठाऊक असतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत बोलका आहे. पॉल जॉन्सन आणि रॉबर्ट थॉमस यांनी १९७५ मध्ये एकाच डेटाबेसच्या अनेक प्रती कशा सांभाळाव्यात यावर एक टिपण लिहिले. त्यांची पद्धत शिक्क्यांवर चालणारी होती. तिच्यात कारण आणि कार्य यांचा क्रम उलटू शकतो हे लॅम्पोर्ट यांच्या ध्यानी आले, आणि त्यातून हा सिद्धान्त उभा राहिला. म्हणजे आज जी चूक चाचणीत ‘अचानक’ सापडते, तीच चूक सुधारण्यासाठी या शास्त्राचा पायाभूत निबंध लिहिला गेला होता. डेटाबेसच्याच संदर्भात.

११/ तरीही लोकप्रिय इतिहासात ही गोष्ट कशी सांगितली जाते? अचूकतेच्या विजययात्रेसारखी. आधी गावोगावच्या वेळा, मग रेल्वेची वेळ, मग प्रमाणवेळ, मग अणुघड्याळ, आणि आता सर्व काही आलबेल. मुंबईकरांना या यात्रेचा पहिला टप्पा पाठ आहे: १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, पण शहराने आपली ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई टाइम’ कित्येक दशके सोडली नाही. ही कथा मनोरंजक आहे, पण संगणकाला तिचा साचा लावणे ही फसगत आहे. सर्वांनी एक वेळ मान्य करणे निराळे आणि सर्वांची घड्याळे ती वेळ दाखवणे निराळे. पहिले काम राजपत्रातल्या घोषणेने होते. दुसरे कधीच पूर्ण होत नाही.

१२/ डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये एनटीपी हा घड्याळे जुळवण्याचा शिरस्ता लिहून प्रसिद्ध केला आणि पुढे अनेक वर्षे तो सांभाळला. त्यांचे ऋण मोठे आहे. पण एनटीपी काय करतो ते नीट पाहा. तो दूरच्या यंत्राला वेळ विचारतो, आणि निरोप जाण्यास व येण्यास सारखाच वेळ लागला असे धरून फरक काढतो. वाट जाताना मोकळी आणि येताना तुंबलेली असेल तर हिशेब चुकणारच. फरक १२८ मिलिसेकंदांच्या आत असेल तर त्याचा जुना, सर्वत्र वापरला गेलेला कार्यक्रम घड्याळ हळूहळू सरकवतो. त्याहून अधिक असेल तर एकदम उडी मारतो, आणि ती उडी मागेही असू शकते. सरकवण्याचा कमाल वेग दशलक्षात ५०० भाग. या गतीने एका सेकंदाची दुरुस्ती व्हायला ३३ मिनिटे लागतात. ‘आमच्याकडे एनटीपी आहे’ या वाक्याने वाद संपत नाही. ‘किती फरकापर्यंत, आणि हे तुम्ही कधी मोजले?’ असा प्रश्न तेथून सुरू होतो.

१३/ येथे हमखास गूगलच्या स्पॅनरचे नाव पुढे केले जाते. ‘त्यांनी जीपीएस आणि अणुघड्याळे लावली, प्रश्न सुटला.’ स्पॅनरवरचा २०१२ चा निबंध वाचलेला माणूस असे म्हणूच शकत नाही. त्या रचनेतील ट्रूटाइम ही सोय वेळ म्हणून एक आकडा देतच नाही. ती दोन टोके देते: खरी वेळ यापूर्वीची नाही आणि यानंतरची नाही. अनिश्चितता बहुधा १ ते ७ मिलिसेकंदांची. व्यवहार पक्का करताना तो डेटाबेस ही अनिश्चितता संपेपर्यंत चक्क थांबतो. अणुघड्याळे लावली ती हे थांबणे छोटे करण्यासाठी.

१४/ आपल्या भाषेत सांगायचे तर स्पॅनर ‘सुमारे’ लिहितो. चांगला संपादक तारीख नसलेल्या पत्रावर ‘अमुक वर्ष ते तमुक वर्ष’ असे चौकटी कंसात लिहितो आणि त्या पत्रावर निर्णायक युक्तिवाद उभा करत नाही. वाईट संपादक दिवसासकट तारीख छापतो. जगातील बहुसंख्य डेटाबेस हे दुसऱ्या प्रकारचे संपादक आहेत, आणि पहिल्या संपादकाचे नाव घेऊन ते आपले समर्थन करतात.

१५/ हे अज्ञानातून झाले असे म्हणावे, तर तसेही नाही. १९८८ च्या सुमारास कॉलिन फिज आणि फ्रीडेमान मॅटर्न यांनी स्वतंत्रपणे वेक्टर घड्याळाची कल्पना मांडली, जिच्यामुळे दोन बदल एकमेकांना न कळता झाले हे ओळखता येते. ॲमेझॉनच्या डायनॅमोने २००७ मध्ये ती वापरल्याचे जाहीर केले. डायनॅमोच्या लेखकांपैकी अविनाश लक्ष्मण यांनी प्रशांत मलिक यांच्यासह फेसबुकमध्ये कॅसांड्रा घडवली. तिने डायनॅमोकडून नोंदींच्या वाटपाची पद्धत घेतली, पण वेक्टर घड्याळ घेतले नाही, शिक्का घेतला. यामागे युक्तिवाद होता: नोंदीचा प्रत्येक रकाना स्वतंत्रपणे जुळवला की टकरावाचे प्रसंग कमी होतात आणि वापरणाऱ्याचे काम सोपे होते. तो युक्तिवाद मला पोकळ वाटत नाही. पण ही निवड होती, आणि निवडीची किंमत असते. ती किंमत स्फटिकाच्या नावावर टाकू नये इतकेच माझे म्हणणे.

१६/ आता चाचण्यांकडे. येथील ढिलाई तर विलक्षण आहे. बहुतेक चाचण्यांत डेटाबेसची पाच ‘यंत्रे’ एकाच संगणकावर पाच कंटेनरांत चालवली जातात. कंटेनरांना स्वतःचे भिंतीवरचे घड्याळ नसते. ती सर्व एकाच लिनक्स कर्नलची वेळ वाचतात. २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत ‘टाइम नेमस्पेस’ आली, पण तीही फक्त सतत पुढे जाणाऱ्या आंतरिक गणकांपुरती. म्हणजे घड्याळे वेगळी असताना काय होते हे जेथे तपासायचे, तेथे घड्याळ एकच! गोवा आणि मुंबई यांचा पत्रव्यवहार एकाच कारकुनाने एकाच टेबलावर बसून लिहिला, तर पंचांगाचा घोळ कधी दिसणार?

१७/ म्हणूनच ज्या दुर्मीळ चाचणीत घड्याळे खरोखर भिन्न निघतात तिचे मोल मोठे. आभासी यंत्र काही क्षण गोठते, जागे होते, त्याचे घड्याळ मागे राहिलेले असते, आणि मग ते उडी मारते. तपासणारा म्हणतो, ‘परिसराचा दोष.’ आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. प्रत्यक्ष वापरात, भाड्याच्या यंत्रांवर, नेमके हेच घडते. चाचणीने फुकटात दिलेला पुरावा आपण केरात टाकतो.

१८/ लीप सेकंदाचे उदाहरण घ्या. ३० जून २०१२ च्या अखेरीस, आपल्याकडे १ जुलैच्या पहाटे साडेपाचला, जागतिक वेळेत एक सेकंद अधिक घालण्यात आला. आपल्या अधिक मासाचेच हे चिमुकले भावंड. लिनक्सच्या कर्नलमधील एका दोषाने अनेक सर्व्हर गरगरू लागले. रेडिट कोलमडले, क्वांटासच्या प्रवाशांची नोंदणी अडली. १ जानेवारी २०१७ रोजी क्लाउडफ्लेअरच्या एका कार्यक्रमाने दोन वेळांची वजाबाकी केली आणि उत्तर ऋण आले, कार्यक्रम कोसळला. त्याच वर्षी गो भाषेच्या १.९ आवृत्तीत कालावधी मोजण्यासाठी मागे न जाणारे घड्याळ आपोआप वापरले जाऊ लागले. दोष अधिक सेकंदाचा होता का? वेळ मागे जाणारच नाही असे लिहून ठेवणाऱ्याचा होता.

१९/ यावर निघालेला उपायही आपल्याला ओळखीचा वाटेल. गूगलने तो अधिकचा सेकंद चोवीस तासांत थोडा थोडा विरघळवण्याची पद्धत काढली. छान. पण काही यंत्रे अशा विरघळवणाऱ्या स्रोताकडून वेळ घेत असतील आणि काही नेहमीच्या स्रोताकडून, तर मधल्या काळात त्यांच्यात अर्ध्या सेकंदापर्यंत फरक पडतो. दोघेही आपापल्या पंचांगाप्रमाणे अचूक! ज्युलियन आणि ग्रेगोरियन पुन्हा शेजारी शेजारी. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत लीप सेकंद २०३५ पर्यंत व्यवहारातून बाजूला करण्याचे ठरले आहे. तो गेला तरी स्फटिक राहणार आहे.

२०/ मग तपास कसा करावा? येथे मी इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून थोडे अधिकाराने बोलते, कारण हे साधनचिकित्सेचे काम आहे. पहिला दंडक: भिन्न यंत्रांच्या लॉगमधील ओळी वेळेनुसार एकत्र लावून कहाणी वाचू नये. तपासणारे हेच सर्वप्रथम करतात, आणि ज्या घड्याळांवर संशय आहे त्यांच्याच साक्षीने संशयाचा निकाल लावतात. त्याऐवजी दुवे शोधावेत. कोणत्या विनंतीचे हे उत्तर? या लेखनाने कोणते आधीचे मूल्य वाचले होते? विनंतीचा क्रमांक लॉगमध्ये नसेल तर तो घालून मगच चाचणी पुन्हा चालवावी.

२१/ दुसरे, प्रत्येक यंत्राचा फरक चाचणी सुरू होण्याआधी, चालू असताना आणि संपल्यावर नोंदवून ठेवावा. नंतर पाहिलेले घड्याळ हा पुरावा नव्हे; एनटीपीने तोवर ते सरळ केलेले असते. फरक आढळला की तो डेटाबेसने स्वतः जाहीर केलेल्या मर्यादेशी ताडून पाहावा. कॉक्रोचडीबीने दीर्घकाळ ५०० मिलिसेकंदांची मर्यादा ठेवली होती, आणि आपले घड्याळ निम्म्या सोबत्यांपासून या मर्यादेच्या ८० टक्क्यांपलीकडे गेलेले दिसले की ते यंत्र स्वतःच बंद होते. हा प्रामाणिकपणा झाला. मर्यादेच्या आत असताना नोंद हरवली तर दोष डेटाबेसचा. मर्यादेबाहेर गेल्यावर त्याने गुपचूप नोंद गिळली, तरी तोही दोष डेटाबेसचाच. त्याने थांबायला हवे होते. आणि मर्यादा कुठे लिहिलेलीच नसेल तर अहवालातील पहिली ओळ हीच असावी.

२२/ तिसरे, जे योगायोगाने झाले ते मुद्दाम घडवून आणावे. काइल किंग्सबरी २०१३ पासून जेप्सेन या नावाने हेच करत आले आहेत: यंत्रांची घड्याळे पुढे ढकला, मागे खेचा, क्षणाक्षणाला हेलकावे द्या, आणि मग डेटाबेसने दिलेली वचने पाळली का ते पाहा. त्यांच्या मांडणीत एक साधी पण मर्मग्राही खबरदारी आहे. सर्व ग्राहक एकाच नियंत्रक यंत्रावरून चालतात आणि घटनांची नोंदही तेथेच होते. साक्षीदार एक, घड्याळ एक. आणि त्या घड्याळाला हात लावायचा नाही.

२३/ ही खबरदारी न घेतलेल्या चाचण्यांत मात्र चाचणीचेच मोजमाप खोटे असू शकते, हे मला मान्य आहे. ग्राहक तीन यंत्रांवर, प्रत्येकाची वेळ निराळी, आणि तपासणी-कार्यक्रम त्या वेळा एकत्र लावून ‘जुने मूल्य वाचले’ असा आरोप करतो, तेव्हा डेटाबेस निर्दोष असण्याची शक्यता खरोखर आहे. पण हे सिद्ध करावे लागते. ‘पुन्हा चालवली, उत्तीर्ण झाली’ ही सिद्धता नव्हे. एका बनावट कागदाची प्रत दुसऱ्या संग्रहात सापडली नाही म्हणून पहिला कागद खरा ठरत नाही.

२४/ शेवटचा आक्षेप व्यवहारी मंडळींचा: ‘प्रत्यक्षात फरक दोन-चार मिलिसेकंदांचा असतो, एवढे काय?’ असतो, बहुतेक वेळा. पण शिक्क्यांवर चालणाऱ्या डेटाबेसमध्ये एक यंत्र फक्त दहा मिनिटांसाठी एक वर्ष पुढे गेले, तर त्या दहा मिनिटांत त्याने केलेल्या नोंदींवर पुढच्या वर्षाचा शिक्का पडतो. घड्याळ लगेच दुरुस्त झाले तरी नोंदी दुरुस्त होत नाहीत. वर्षभर त्यांच्यावर केलेला प्रत्येक बदल स्वीकारला जाईल आणि हरेल. पुसलेली नोंद असेल तर तिच्या जागी नवी लिहिलेलीही दिसणार नाही. म्हणून घड्याळ सरळ केल्यावर पहिले काम एकच: त्या अवधीत त्या यंत्राने लिहिलेल्या सर्व नोंदींचे शिक्के वाचून भविष्यातले वेगळे काढणे.

२५/ या धाग्याच्या वाचकांत पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत चाचण्यांचे काम करणारे बरेच जण आहेत. त्यांना विनंती: तुमच्या शेवटच्या वर्षभरातील बंद केलेल्या प्रकरणांत ‘घड्याळ’ हा शब्द शोधा. किती प्रकरणांत फरकाचा आकडा नोंदवलेला आहे आणि किती प्रकरणांत नुसते ‘पुन्हा चालवली’ आहे, ते कंपनीचे नाव न घेता खाली लिहा.